एका कप्प्यात दोन विनायक

नाना मोघ्यांनी नोकरीच्या छत्तीस वर्षांत रजिस्टर उघडलं नाही, असं आमच्या कारखान्यात सगळे सांगत. यात थोडी अतिशयोक्ती आहे. रजिस्टर ते रोज उघडत, त्यात लिहीत आणि बंद करत. फक्त वाचत नसत. "लिहिलं की डोक्यात गेलं. आता वाचायचंय कुणाला?" हे त्यांचं म्हणणं. कारखान्याच्या स्टोअरचे ते मुख्य कारकून होते, आणि स्टोअरमध्ये खिळ्यापासून मोटारीपर्यंत काही हजार वस्तू होत्या.

मी सांगलीची. कॉम्प्युटर विभागात लागले आणि झाशीला येऊन पडले. बदलीची ऑर्डर आली तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, तिकडे आपलं कुणी आहे का? मी नाही म्हणाले. पहिल्याच आठवड्यात प्रिंटरची शाई आणायला स्टोअरमध्ये गेले, तर काउंटरमागून एक ठेंगणे, सफारीतले गृहस्थ म्हणाले, "मॅडमजी, आपण सांगलीचे ना? बैठा. चाय घ्या, फीकी आहे, माझी साखर बंद आहे." हे मराठी आहे हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यांच्या घराण्याला इथे येऊन अडीचशे वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांच्या मराठीने बुंदेलखंडाशी बऱ्यापैकी सोयरीक केली होती, पण तुटली नव्हती. शाईचा नंबर मी अर्धाच सांगितला असेल, तोवर ते म्हणाले, "अकरा नंबरची रॅक, खालून दुसरा कप्पा. डब्यामागे पाल आहे, हात सांभाळून घाला." पाल होती.

नानांचं एक पालुपद होतं: "शोधायचं नाही, जायचं." नवा माणूस वस्तू मागायला आला आणि रॅकवरून नजर फिरवायला लागला की नाना कळवळत. ती नजर त्यांना अंगावर झुरळ फिरावं तशी वाटायची. त्यांची पद्धत अशी की वस्तूच्या नंबरातले आकडे मिळवायचे, बेरीज होईल ती रॅक. बेरीज वीसच्या वर गेली तर वीस वजा करायचे, कारण रॅका वीसच होत्या. एका रॅकवर दोन वस्तूंनी हक्क सांगितला तर दोघींना शेजारीशेजारी वेगळे डबे. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. सुरुवातीच्या दिवसांत एकदा साहेबाने नटबोल्टवरून झापलं, त्या रागात त्यांनी ती बसवली. त्यांच्या घरात मात्र ती चालली नाही. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीचं राज्य होतं आणि नानांना तिथे साखरेचा डबा आयुष्यात सापडला नाही. साखर बंद झाल्यावर तर तो रोज जागा बदलत असे.

एकदा वरच्या ऑफिसातून तपासणीला साहेब आले. त्यांचा या रजिस्टर न वाचण्याच्या कथेवर विश्वास नव्हता. त्यांनी काउंटरसमोर उभं राहून नंबर पुकारायला सुरुवात केली. नाना डोळे मिटून बसले आणि रॅक, कप्पा, डबा सांगत राहिले. मदतनीस धावून वस्तू आणत होता. चौदा वस्तू बरोबर आल्या. पंधराव्या नंबराला नाना डोळे न उघडता म्हणाले, "साहब, ये नंबर नहीं होता. आपने अपना मकान नंबर बोल दिया." साहेबांनी कागद पाहिला, घाम पुसला आणि चहा मागवला. स्टोअर-इन-चार्ज तिवारीजी ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि दर वेळी एक वस्तू वाढवत.

पण नानांची खरी कीर्ती स्टोअरबाहेर होती. झाशीतल्या जुन्या मराठी घरांतल्या मेलेल्या माणसांच्या तिथ्या नानांना पाठ होत्या. पितृपक्ष जवळ आला की ते स्कूटर काढत आणि घरोघर वर्दी द्यायला जात. "तुमच्या आजेसासूबाई अष्टमीला. तुमचे थोरले काका एकादशीला." कुणी विचारलं नसलं तरी सांगत. चिरगाँवच्या एका घरासाठी आणि गुरसरायच्या एका घरासाठी बस पकडत. गुरसरायच्या घरातल्यांना मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. नाना तिथी आधी मराठीत सांगायचे, मग हिंदीत, मग बोटाच्या पेरांवर मोजून दाखवायचे. आमच्या सांगलीकडे सगळ्या पितरांचा एकाच दिवशी म्हाळ घालून मोकळे होतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे मोठ्या करुणेने पाहिलं. "सगळ्यांना एकदम? म्हणजे प्रत्येकाला नीट विचारायचं कुणी, काय हवं काय नको?"

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना एका दुपारी नाना माझ्या टेबलाशी आले. कधी येत नसत. म्हणाले, "मॅडमजी, आज मी रजिस्टर वाचलं." आवाज असा, जणू घरात चोरी झाली आहे. कुणीतरी एक वायसर मागितला, नानांनी आकडे मिळवले, आणि पुढे काहीच आलं नाही. तीनचार सेकंद नुसता अंधार. मग रजिस्टर उघडावं लागलं. "वायसरचं काही नाही. उद्या मी निवृत्त होईन, वायसर जाईल खड्ड्यात. पण तिथ्या गेल्या तर? माझा मुलगा नोएडाला. नातू मराठी ऐकून हिंदीत जवाब देतो. ती दोनशेवर माणसं फक्त माझ्या डोक्यात राहतात. त्यांना दुसऱ्या गोदामात हलवायचं आहे. आणि मी स्वतः हलवणार, आपण फक्त शिकवा."

साठीला टेकलेल्या माणसाला प्रोग्रॅम लिहायला शिकवायचं, या कल्पनेने मी मनात हसले. ते हसू आठवडाभरच टिकलं. आमच्याकडे जुने प्रोग्रॅम पर्ल भाषेत होते, तेव्हा तीच घेतली. नानांकडे एक वही होती. तिच्यात वडिलांच्या काळापासूनच्या नोंदी होत्या: नाव, तिथी, घर. ती वही ते लिहायला उघडत, वाचायला अर्थातच नाही. मी ती आमच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतली. दोनशे चौतीस ओळी झाल्या.

मी समजावलं, या नोंदी एकामागे एक उभ्या केल्या की तो अॅरे. रेशनच्या रांगेसारखा. पहिला, दुसरा, तिसरा. एखादं नाव हवं तर पहिल्यापासून बघत जायचं. नानांच्या तोंडावर झुरळ फिरलं. मग म्हटलं, हॅश म्हणजे रांग नाही, कप्पे. प्रत्येक कप्प्याला एक किल्ली. किल्ली दिली की थेट माल.

"शोधायचं नाही, जायचं?"

"जायचं."

"आणि कुठल्या कप्प्यात जायचं, हे मशीन कसं ठरवतं?"

मी म्हटलं, किल्लीतल्या अक्षरांचं काहीतरी गणित करून एक आकडा काढतं. नानांनी उठून तिवारीजींना हाक मारली, "तिवारीजी! वो नट-बोल्ट वाली बात अंग्रेज़ों ने चुरा ली!" त्यानंतर शिकवण्याजोगं फारसं उरलं नाही. एक एक ओळ उचलायची, स्वल्पविरामावर तोडायची, एक तुकडा किल्ली, दुसरा माल, कप्प्यात ठेवून पुढची ओळ. पाच ओळींचा तो प्रोग्रॅम नानांनी दोन बोटांनी, प्रत्येक अर्धविरामाला "आणि अर्धविराम" असं मोठ्याने म्हणत लिहिला.

किल्ली कशाची करायची हे त्यांनीच ठरवलं. तिथीची. पितृपक्षात सकाळी उठल्यावर आज कुणाकुणाचं पान, हे कळायला हवं ना. बटण दाबलं. मी शेवटी मोजणीही छापायला सांगितली होती. पडद्यावर आलं: पंधरा.

"बाकीचे कुठे गेले?" नाना म्हणाले.

मी पाहिलं आणि चूक लक्षात आली. पंधरवड्यात तिथ्या पंधरा, म्हणून किल्ल्या पंधरा. एका कप्प्यात एकच माल मावत होता. सप्तमीला पहिलं नाव ठेवलं, मग सप्तमीचं दुसरं आलं, त्याने पहिल्याला बाहेर काढलं. शेवटी आलेला तेवढा राहिला. हे मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"म्हणजे दोनशे एकोणीस माणसं पुसली गेली?" नानांनी खुर्ची मागे सारली. "मॅडमजी, ते एकदा मेले होते. आपण दोबारा मारलं!" पलीकडच्या टेबलावरचे लोक उठून आले. फाइलमध्ये सगळे सुखरूप आहेत, हे पटवायला मला त्यांना फाइल शेवटपर्यंत सरकवून दाखवावी लागली. ते प्रत्येक नावाला मान हलवत होते.

मग कप्प्यात एका माणसाऐवजी यादी ठेवायला शिकवलं. एका तिथीला एक पंगत, येईल त्याला पुढचा पाट. हे नानांना फारच आवडलं. दोनशे चौतीसही पंगतीला बसले आणि नानांनी फीक्या चहाची पार्टी दिली.

तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं मला पुढचे काही दिवस वाटत होतं. पण नानांना आता उलटा प्रोग्रॅमही हवा होता. नाव द्यायचं, तिथी मिळाली पाहिजे. फोन येतात ते तसेच येतात ना, "नानाजी, दादाजी की तिथि बताइए." तेव्हा किल्ली नावाची केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एवढं घातल्यावर कोण कुणाला बाहेर काढणार? बटण दाबलं. दोनशे एक.

तेहतीस माणसं परत गायब. या वेळी नाना ओरडले नाहीत, विचारात पडले, आणि मग त्यांनीच कोडं सोडवलं. या घरांतून नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. गोविंदाचा विनायक, विनायकाचा गोविंद, गोविंदाचा पुन्हा विनायक. एक पिढी सोडून नाव, बाप, आडनाव सगळं तेच. "नातू आजोबांना गिळून बसलेत," ते म्हणाले. मी म्हटलं, सोपं आहे. कप्प्यात ठेवण्याआधी विचारायचं, इथे आधी कुणी आहे का? असेल तर दोघांची नावं-तिथ्या छापायच्या. नानांनी ती ओळ स्वतः लिहिली.

प्रिंटरमधून कागद आला. नाना चष्मा सावरून वाचू लागले. आठव्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं आणि तिथून हललंच नाही. मी वाकून पाहिलं. विनायक गोविंद मोघे: सप्तमी. विनायक गोविंद मोघे: त्रयोदशी.

"हे आपलंच नाव ना?" मी गमतीने म्हटलं. नानांचं पाळण्यातलं नाव विनायकच होतं.

"मी अजून यादीत नाही," ते म्हणाले. "सप्तमी माझे आजोबा. लहानपणापासून तोंडपाठ. हे दुसरे विनूभैया. आमचे भाऊबंद, धाकट्या घरातले. माझ्याहून चार वर्षं मोठे. आम्ही एका सायकलवर शाळेत जात होतो." त्यांनी वही काढली. पान उलटलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, त्रयोदशी.

"मग बरोबर आहे की."

"वही बरोबर आहे," नाना म्हणाले. "मी बावीस वर्षं वहिनींच्या दारात जाऊन सप्तमी सांगतोय."

त्यांच्या डोक्यातल्या कप्प्यात आजोबा आधीपासून होते. विनूभैया गेले तेव्हा नाव तेच, किल्ली तीच, आणि आजोबा काही हलले नाहीत. मशीनने नव्याला ठेवून जुन्याला काढलं असतं, नानांनी जुन्याला ठेवून नव्याला दारातच उभं केलं. माझ्या टेबलाशी बसून ते इतकंच म्हणाले, "मॅडमजी, बावीस वर्षं मी विनूभैयाला भुका ठेवला." मला हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी ते रजेवर गेले. नाना मोघे रजेवर, हे ऐकून तिवारीजींनी आधी मला विचारलं की दवाखाना कोणता.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "माझ्यासोबत चला. एकट्याने जायची हिंमत होत नाही. प्रिंट आणा."

कुसुमवहिनी शहरात, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर एकट्या राहत. वय साठ-एकसष्ट, पाठ ताठ, समोर मेथीची जुडी. जिन्यावर नाना मला सांगत होते, आता यांनी मला घराबाहेर काढलं तर बरोबरच आहे, आणि ही बात सगळ्या घरांत जाईल, आणि मग माझी एकही तिथी कुणी मानणार नाही. खरी भीती ती होती. एक चुकली तर बाकीच्या दोनशे तेहतीस कोण खरं मानणार?

"वहिनी, माझ्याकडून भूल झाली," नाना उभ्याउभ्याच म्हणाले.

"बसा भाऊजी. आधी चहा की आधी भूल?"

"भूल." नानांनी प्रिंट पुढे केली आणि कागदाकडे न बघताच घडाघडा बोलून गेले. "विनूभैयाची तिथी सप्तमी नाही. तेरस आहे. मी बावीस वर्षं गलत सांगितली."

वहिनींनी मेथीची काडी मोडली. "मला काय सांगता? मी होते ना तिथे."

नाना खाली बसले. "आपल्याला माहीत होतं?"

"नवरा माझा होता, भाऊजी."

"मग बोलल्या का नाहीत?"

"पहिल्या वर्षी तुम्ही दारातच रडलात. माझ्याहून जास्त रडलात. रडत रडत सप्तमी सांगितलीत. म्हटलं, आज नको बोलायला. दुसऱ्या वर्षी न रडता, छाती काढून सांगितलीत. तेव्हा तर बिलकुल नको वाटलं. तिसऱ्या वर्षी सप्तमीला मीच सवयीने खिरीचे तांदूळ धुतले."

"म्हणजे आपण सप्तमीला..."

"सप्तमीला तुमच्या आजोबांचं पान, तेरसला ह्यांचं. सप्तमी कुणाची ते मला ठाऊक नव्हतं की काय? लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या घरी त्या दिवशी वाढायला मलाच बोलवत."

नानांचा आवाज बारीक झाला. "विनूभैया उपाशी नाही राहिला?"

"एक वर्ष नाही. तुमचे आजोबा मात्र दोन घरी जेवतात. तब्येतीने असतील ते आता." मग मेथी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आणि मी बोलले असते ना, तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या दारी गेला नसतात. मला ओळखू येतो तुमचा स्वभाव. मग घराघरांतल्या या पोरांना कोण सांगणार होतं? माझी एक तिथी मला पाठ आहे. त्यांना एकही नाही."

नाना रडले. चांगले हुंदके देऊन रडले, आणि मीही डोळे पुसले, उगाच कशाला लपवू. वहिनींनी तेवढ्यात चहा आणला. नानांच्या कपात साखर घातली होती, आणि नानांनी तो तक्रार न करता प्यायला. जाताना ते म्हणाले, "आता सप्तमी बंद करा, वहिनी. आपल्याला दोन-दोन स्वयंपाक." वहिनी म्हणाल्या, "वीस वर्षं जेवायला येतायत. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, येऊ नका म्हणून?"

सोमवारी नाना कामावर आले. कुणीतरी पट्टा मागितला. नानांनी रजिस्टर उघडलं, बोट ठेवून ओळ वाचली आणि मग रॅक सांगितली. तिवारीजींनी पंखा मोठा केला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते प्रत्येक वस्तूला रजिस्टर वाचत. रॅक आधीच तोंडात आलेली असायची, तरी वाचत.

प्रोग्रॅमही दुरुस्त झाला. किल्लीत नावाबरोबर घर आणि "कुणाचे कोण" असं घातलं. दोनशे चौतीस घातले की दोनशे चौतीसच बाहेर येऊ लागले. नानांनी मग स्वतःहून आणखी एक ओळ वाढवली, धाकट्या घराच्या नावाखाली त्यांचे आजोबा, सप्तमी. एकच माणूस दोनदा आला का, हे बघायला मी एक वेगळा प्रोग्रॅम लिहिला होता; त्याने लगेच तक्रार केली की हा माणूस दोन घरी आहे. मी ती ओळ पुसायला गेले तर नानांनी माझा हात धरला. "राहू द्या. मशीनला सांगा, हे मोघ्यांना माहीत आहे."

पुढच्या भाद्रपदात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला नानांकडे गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघंही कुसुमवहिनींकडे गेलेत. तिथे गेले. दार उघडंच होतं. आत नानांच्या पत्नी वाढायला मदत करत होत्या, आणि पाटावर, समोर पळसाच्या पत्रावळीवर वाढलेलं पान घेऊन, नाना ताठ बसले होते. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. मी "नाना" म्हणून हाक मारणार, तोच वहिनींनी बोट ओठांवर ठेवलं.

"आज सप्तमी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हे आत्ता नाना नाहीत. आजोबांच्या पानावर कुणी बसायला हवं, आणि भाऊजींचं नाव तर तेच. जेवण झालं की बोला."

मी भिंतीला टेकून बसले. वहिनी खिरीचं पातेलं घेऊन आल्या, वाटी भरली आणि वाकून विचारलं, "आजोबा, अजून वाढू?" नानांच्या पत्नींनी डोळे वटारले. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण आजोबांना साखरेचा त्रास नव्हता. नानांनी कुणाकडेही न बघता, अगदी गंभीर चेहऱ्याने वाटी पुढे केली.